अंतराचं इंजेक्शन संपलंय म्हणतात, सरकारी पैसा नक्की अडतो कुठे?

रानजाई | ६ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसले कारण डोकं शांतच होत नाहीये.

आमची नाशिकजवळ दिंडोरी बाजूला द्राक्षबाग आहे. दिवाळी झाली की सुरगाणा, पेठकडची माणसं कामाला येतात, थिनिंग, डिपिंग, मग काढणी संपेपर्यंत शेडवरच राहतात. यंदा आलेल्या जोडप्यातली पोरगी चोवीस वर्षांची, पदरात दोन लेकरं, धाकटं अजून अंगावर पितंय. तिने जूनमध्ये गावाकडच्या सरकारी दवाखान्यात अंतराचं इंजेक्शन घेतलं, दिवस राहू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं ते, सप्टेंबरमध्ये दुसरं घेतलं आणि तिसऱ्याची तारीख होती १९ डिसेंबर. तिचं कार्ड मी हातात घेऊन बघितलंय, रेशनकार्डाच्या आणि आधारच्या झेरॉक्सबरोबर दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं, दोन ओळीत तारीख आणि सिस्टरची सही, तिसऱ्या ओळीत पेन्सिलने १९/१२ आणि पुढे कोरं.

१९ तारखेला तिला स्कूटीवर बसवून आमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं. स्टॉक नाही, सोमवारी या. सोमवारी गेलो तर ज्या सिस्टर इंजेक्शन देतात त्या ट्रेनिंगला. मधे बागेचं काम अंगावर आलं, आज परत गेलो तर म्हणे वरून आलंच नाही, तोवर निरोध न्या. आणि वर एक जण सहज बोलून गेलं, दोन झालीत ना, मग ऑपरेशनच करून टाक की.

बाहेर आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, ताई धाकटं बारीक आहे हो, अजून काही सांगता येत नाही, ऑपरेशन नको. मला पुढे बोलताच आलं नाही.

तीन दिवसांची रोजंदारी गेली तिची. मी विकत आणून देईन, तो प्रश्न नाही. पण शेजारच्या बागांमध्ये अशा किती असतील. हे सगळं फुकट द्यायचं सरकारचं धोरण आहे, बजेट आहे, भिंतीवर पोस्टर आहे, मग वस्तू का नाही? कुणाला आतलं माहीत असेल तर नीट सांगा.

---

जुना_औषधवाला | ६ जानेवारी, रात्री १०.२५

रानजाई, पहिलं कामाचं सांगतो. घाबरू नका. अंतराचा डोस तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत चालतो, म्हणजे तुमची मुदत १६ जानेवारी. त्याच्या आत मिळालं तर काही बिघडत नाही. ते कार्ड मात्र जपा.

आता बाकीचं. मी तीस वर्षं जिल्ह्यात औषध निर्माण अधिकारी म्हणून काढलीत, आता घरी असतो, तर हे माझं रोजचंच काम होतं.

निरोध, माला एन आणि छायाच्या गोळ्या, अंतरा, तांबी, संबंधानंतर तातडीने घ्यायची इझी पिल, ही सगळी वस्तू केंद्र सरकार विकत घेतं आणि राज्याला वस्तूच पाठवतं, पैसे नाही. राज्याच्या भांडारातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुका आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून उपकेंद्र, शेवटी आशाच्या पिशवीत. कागदावर ही साखळी उत्तम आहे. २०१७ पासून कुटुंब नियोजनाच्या साहित्याचं स्वतंत्र ऑनलाइन सॉफ्टवेअर पण आलं, कुठल्या केंद्रात किती शिल्लक ते वरच्या माणसाला बसल्या जागी दिसायला पाहिजे.

पण मागणी कशी ठरते ते बघा. मागच्या महिन्यांत किती खपलं त्याची सरासरी, वर थोडा राखीव साठा. तुमच्या केंद्रात पावसाळ्यात समजा चार बायकांनी अंतरा घेतलं तर दिवाळीनंतरही चार-पाचच येणार. आणि दिवाळीनंतर तुमच्या भागात बागांवर अख्खी अख्खी गावं उतरतात, त्यांची नोंद कुठेच नाही. तिकडे सुरगाण्यात मात्र तिच्या नावाची व्हायल, म्हणजे इंजेक्शनची बाटली, येऊन पडलेली असणार, फ्रीजच्या शेजारच्या कपाटात, आणि घ्यायला ती नाही.

दुसरं म्हणजे ने-आण. वस्तूचा पैसा केंद्राचा, पण गाडी, डिझेल, हमाल, भांडारातला माणूस हा खर्च आरोग्य अभियानाच्या निधीतून आणि राज्याच्या खिशातून, तिथे केंद्र ६० टक्के राज्य ४० टक्के. तो हप्ता उशिरा आला की लसीच्या गाडीत जागा असेल तेव्हा आपले खोके टाकायचे असं आम्ही कित्येकदा केलंय. लस थांबू शकत नाही, सलाईन थांबू शकत नाही, निरोधचे खोके थांबतात. कुणी त्याच्यासाठी आरडाओरडा करत नाही ना. आजवर एकही पेशंट माझ्या खिडकीवर येऊन निरोध का नाही म्हणून भांडला नाही.

---

मखमलाबादकर | ६ जानेवारी, रात्री १०.५१

शेवटचं वाक्य अगदी खरं आहे काका. लाजेपायी कुणी तक्रार करत नाही आणि तक्रार नाही म्हणजे सगळं सुरळीत आहे असं समजतात.

---

सिन्नरचा_सचिन | ७ जानेवारी, सकाळी ८.१२

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मी माळेगाव एमआयडीसीत कामाला आहे, पगारातून टॅक्स कापला जातो. आमच्या इथे ग्रामीण रुग्णालयात साप चावल्यावरचं इंजेक्शन, कुत्रा चावल्यावरचं इंजेक्शन वेळेवर मिळत नाही, सोनोग्राफीला दोन दोन महिने तारीख नाही, आणि सरकार निरोध आणि गोळ्यांवर पैसा घालवतं. मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात की, त्याच्यावर जीएसटी पण शून्य आहे. ज्याला पाळणा लांबवायचाय त्याने स्वतःच्या पैशाने लांबवावा. फुकटच्या वस्तूची किंमत राहत नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय, लहानपणी आम्ही पोरं निरोधचे फुगे करून उडवायचो.

---

डॉ_पंचवटी | ७ जानेवारी, दुपारी २.३०

सचिन, सापाचं इंजेक्शन मिळालंच पाहिजे, त्यावर दुमत नाही. पण ते मिळत नाही म्हणून हेही नको, हा हिशोब मला पटत नाही आणि का ते सांगते, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे.

नको असताना राहिलेले दिवस हा खर्च बाईच्या अंगातून निघतो. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आहे, हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा आकडा. अशा बाईला वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने दुसरं बाळंतपण आलं की ती आमच्याकडे सहा-सात हिमोग्लोबिन घेऊन येते, रात्री दोन वाजता, रक्ताची पिशवी शोधायला नवरा पळतो. एका पिशवीचा, एका रेफरचा, एका १०८ च्या फेरीचा खर्च धरा आणि तीन महिन्यांच्या एका इंजेक्शनचा धरा. तुमचाच टॅक्स आहे दोन्हीकडे.

आणि "विकत घ्या" म्हणताना कोण विकत घेणार ते बघा. त्याच सर्वेक्षणात देशभरात लग्न झालेल्या बायकांमध्ये ३७.९ टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं, नवऱ्याचं ऑपरेशन ०.३ टक्के. निरोध वापरणारे ९.५, गोळ्या ५.१, तांबी २.१. म्हणजे पाळणा थांबवायचा भार जवळपास सगळा बाईच्या पोटावर. तिच्या हातात स्वतःचा रोख पैसा किती असतो? रानजाई म्हणतात त्या मुलीने मेडिकलमधून इंजेक्शन घेतलं तर एका दिवसाची मजुरी जाते आणि ती नवऱ्याला विचारून खर्च करावी लागते. सरकारी केंद्रात फुकट मिळतं तेव्हा तिला कुणाला विचारावं लागत नाही, मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

ऑपरेशन "करून टाक" म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. २०१४ मध्ये छत्तीसगडला बिलासपूरच्या नसबंदी शिबिरात ऑपरेशननंतर बायका दगावल्या, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. न्यायालयाने सांगून झालं, पण दुसरी साधनं कपाटात नसतील तर ऑपरेशन हाच एक पर्याय उरतो, मग त्याला पर्याय कसं म्हणायचं?

हा वादही आपल्याकडे नवीन नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि या कामापायी कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी ठराव मांडला होता, संततिनियमनाच्या सोयी सरकारने लोकांना पुरवाव्यात म्हणून. ११ मतं पडली बाजूने आणि ५२ विरोधात. १९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला, जगात पहिला. एवढं सगळं घडलेल्या राज्यात २४ वर्षांच्या मुलीला तीन हेलपाटे.

---

रानजाई | ७ जानेवारी, दुपारी ३.०५

डॉक्टर, "कुणाला विचारावं लागत नाही" हे वाचून अंगावर काटा आला. तिच्या सासूला माहीत नाहीये ती इंजेक्शन घेते ते.

---

आशाताई_पेठ | ७ जानेवारी, रात्री ९.१५

मी आशा आहे, बारा वर्षं झाली. मोबाईलवर बोलून टाईप करतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडं पावसाळ्यात बायका घरी असतात तेव्हा भात लावणी, नागली, एका एका पाड्यावर जायला नदी आडवी येतीय. मी पिशवीत निरोध, माला एन, इझी गोळी, दिवस राहिलेत का बघायचं निश्चय किट सगळं घेऊन फिरते. ही घरपोच योजना निघाली २०११ ला, तेव्हा निरोधच्या तीनच्या पाकिटाला आशाने एक रुपया घ्यायचा, गोळ्यांच्या पाकिटाला एक रुपया, इझी गोळीला दोन रुपये, तोच आमचा मोबदला. आता तुम्ही सांगा एक रुपया मागायला तोंड उघडतं का कुणाचं. मी कधी घेतला नाही.

गोळ्या घेणाऱ्या बायका पाकीट कुठं ठेवतात माहितीय का, नागलीच्या कणगीत. सासू तिथं हात घालत नाही. एकीने माझ्याकडंच ठेवायला दिलं होतं, रोज संध्याकाळी पाण्याला जाताना माझ्या दारावरून जायची आणि एक गोळी घेऊन पुढं. असं दीड वर्ष केलं तिने. मग एक महिना माझ्याकडंच पाकिटं आली नाहीत, आणि ती आता तिसऱ्यांदा बाळंत होणार आहे. ती मला काहीच बोलली नाही, उलट मलाच पाणी दिलं घरी गेल्यावर.

साहित्य आणायला मी मीटिंगला तालुक्याला जाते, एसटीचं भाडं माझं. खोकं मोठं असेल तर वडापवाला वेगळे पैसे घेतो.

काका म्हणतात ते खरं आहे, दिवाळीनंतर आमचे पाडे रिकामे होतात. म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं राहतात. माझ्या रजिस्टरला बाई "स्थलांतरित" म्हणून लाल पेनाने लिहायची, पुढं तिचं काय झालं ते होळीला कळतं, पोट दिसलं की.

---

मखमलाबादकर | ७ जानेवारी, रात्री ९.३८

ताई, तुम्हाला हात जोडते.

---

लीड्सची_अनघा | ८ जानेवारी, पहाटे ३.१०

माहेर कॉलेज रोड, आता इंग्लंडात. सचिन यांच्या प्रश्नावर थोडं लिहिते, कारण श्रीमंत देशांतसुद्धा लोक हे स्वतःच्या पैशाने घेत नाहीत. इथे १९७४ पासून सरकारी आरोग्यसेवेत गर्भनिरोधक साधनं सगळ्यांना फुकट आहेत, लग्न झालेलं असो नसो, पगार कितीही असो. मी स्वतः तांबी बसवून घेतली, पर्समधून एक पौंड काढावा लागला नाही आणि कुणी नवऱ्याचं नाव विचारलं नाही.

पण सरकारी पैशावर चालणारी गोष्ट एका सहीने बंद पण होते. याच देशाने २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या साहित्य कार्यक्रमाला द्यायचे पैसे जवळपास ८५ टक्क्यांनी कापले, १५.४ कोटी पौंडांचं आश्वासन होतं ते २.३ कोटींच्या आसपास आलं. त्या पैशातून गरीब देशांना तांब्या, इंप्लांट, इंजेक्शनं, निरोध जायचे. अमेरिकेत गरिबांच्या कुटुंब नियोजनासाठी १९७० चा कायदा आहे, टायटल टेन म्हणतात, त्याचा वर्षाचा निधी २८.६ कोटी डॉलरच्या आसपास वर्षानुवर्षं तिथेच गोठलाय, महागाई मात्र वाढत गेली. आणि २०२५ मध्ये त्यांनी परदेशी मदत बंद केली तेव्हा बेल्जियमच्या गोदामात सुमारे ९७ लाख डॉलरची साधनं पडून राहिली, आफ्रिकेतल्या बायकांसाठी घेतलेली, पैसे भरून झालेले. घ्यायला संस्था तयार होत्या तरी जाळून टाकायचं ठरवलं. ती बातमी मी ऑफिसच्या बसमध्ये वाचली आणि रडले.

भारताचं एक बरं आहे, आपण ही साधनं स्वतःच्या पैशाने घेतो आणि बरीचशी आपल्याकडेच बनतात. वॉशिंग्टनमध्ये कुणी सही केली म्हणून पेठच्या ताईंची पिशवी रिकामी होत नाही.

---

हायवे_समुपदेशक | ८ जानेवारी, सकाळी ११.००

अनघाताई, अगदीच होत नाही असं नाही. तृतीयपंथी लोकांसाठीचे मित्र क्लिनिक, हैदराबाद, कल्याण आणि पुण्यातले, अमेरिकेच्या पैशावर होते, ते २०२५ च्या सुरुवातीला बंद पडले. नाशिकहून पुण्याला जाणारी माणसं मला माहीत आहेत, हार्मोनची ट्रीटमेंट तिथे चालू होती त्यांची, विश्वासाचे डॉक्टर होते. आता ते परत खाजगीत जातात किंवा जातच नाहीत.

मी मुंबई-आग्रा रोडवर ट्रकवाल्यांसोबत काम करतो, एचआयव्हीचं. आमचे निरोध वेगळ्या पेटीतून येतात. कुटुंब कल्याणचा हिशोब वेगळा आणि नॅकोचा, म्हणजे एड्स नियंत्रणाच्या केंद्रीय संस्थेचा, वेगळा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा, एप्रिल २०२१ ते मार्च २०२६, १५,४७१.९४ कोटींचा, सगळा केंद्राचा पैसा. दर वेळी टप्पा बदलताना करार नूतनीकरण, हप्ता, पगार, सगळं मागेपुढे होतं, आम्ही दोन-तीन महिने उधारीवर चहा पितो, पण ढाब्यावरच्या डब्यात निरोध संपला की ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी परत विचारायला येत नाही, तो तोवर धुळ्याच्या पुढे गेलेला असतो.

आणि सचिनभाऊ, फुग्यांचं म्हणाल तर ते आम्हीपण ऐकतो. पण मी डबा भरतो तेव्हा पहाटे रिकामा होतो, आणि ढाब्याच्या मागे सकाळी झाडणारी मावशी मला सांगते ते कुठे कुठे पडलेले असतात. वापरतात माणसं.

---

जुना_औषधवाला | ८ जानेवारी, दुपारी १२.४०

हायवे भाऊ, दोन पेट्यांचा मुद्दा काढलात ते बरं झालं. एकाच इमारतीत एका खोलीत कुटुंब कल्याणचा निरोध संपलेला आणि पलीकडच्या एचआयव्ही तपासणीच्या खोलीत पेट्या रचलेल्या, पण इकडचा तिकडे देता येत नाही कारण रजिस्टर वेगळं, ऑडिट वेगळं. मी एकदा दिला होता, त्याचा खुलासा मला लेखी करावा लागला.

एक जुनी गोष्ट सांगतो. निरोध १९६८ साली बाजारात आला तेव्हा तीनचं पाकीट १५ पैशाला. सरकारने ते गावोगाव न्यायला स्वतःच्या गाड्या नाही वापरल्या, चहा-साबण-बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांना सोबत घेतलं, ब्रूक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, युनियन कार्बाइड. चहाची गाडी जिथे जाते तिथे निरोध जाणार. माझे वडील किराणा दुकानदार होते, कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाचा पत्र्याचा बोर्ड आमच्या दुकानाच्या फळीला कितीतरी वर्षं होता. वस्तू कशी पोचवायची याचा विचार वस्तू बनवायच्या आधीच केला होता त्या लोकांनी. आज वस्तू जास्त चांगल्या आहेत, छाया तर आपल्याच लखनौच्या संशोधन संस्थेत शोधलेली, हार्मोन नसलेली, आणि पोचवायला माझ्या आशाताई वडापवाल्याला पदरचे पैसे देतात.

---

झेडपीची_बाई | ८ जानेवारी, सायंकाळी ६.२०

मी शिक्षिका आहे, सातवी-आठवीच्या मुली. पॅडबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, तोही याच कपाटातला विषय आहे.

२०१८ च्या महिला दिनाला अस्मिता योजना आली, झेडपीच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, बचत गटामार्फत. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला. पुढच्या वर्षी जनऔषधीत एक रुपयाला एक पॅड झाला. कागदावर मुलीला काही कमी नाही. माझ्या शाळेतून सगळ्यात जवळचं जनऔषधी दुकान एकोणीस किलोमीटर आहे. मुली अजून त्या दिवसांत शाळेत येत नाहीत, माझ्या हजेरीपटावर कुणाचे कोणते चार दिवस ते मला पाठ झालंय. मी माझ्या टेबलाच्या खणात पाकीट ठेवते, मुली येऊन "बाई, खडू द्या" म्हणतात, मग मी समजते.

---

सिन्नरचा_सचिन | ८ जानेवारी, रात्री १०.०२

सगळं वाचलं. काल रात्री बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली तुला माहितीय का मी पहिल्या बाळानंतर गोळ्या कुठून आणायचे, मला खरंच माहीत नव्हतं. आशाकडून आणायची. म्हणजे मी ज्याला उगाच खर्च म्हणत होतो तो माझ्याच घरात होत होता.

माझं फुकटच्या किमतीचं म्हणणं थोडं अजून आहे, पण कपाटात वस्तू नसणं ही चूक आहे हे मान्य. एक विचारतो, डॉक्टर, ते ०.३ टक्के पुरुषांचं, बिनटाक्याची नसबंदी म्हणतात ती खरंच सोपी असते का? आमची दोन झालीत आणि बायको ऑपरेशनला घाबरते.

---

डॉ_पंचवटी | ९ जानेवारी, सकाळी ७.४५

सचिन, हा प्रश्न विचारलात याचं मनापासून बरं वाटलं. हो, सोपी असते. पोट उघडायचं नाही, भूल फक्त त्या जागेपुरती, पंधरा-वीस मिनिटं, त्याच दिवशी घरी. दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं नाही. लगेच गुण येत नाही हे मात्र लक्षात ठेवा, तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्यतपासणी करून खात्री करायची. ताकद जात नाही, काम सुटत नाही, त्या सगळ्या अफवा. सरकारी दवाखान्यात फुकट होते, वर मोबदला मिळतो. दोघं मिळून या बोलायला, ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांच्याकडे.

---

जुना_औषधवाला | ९ जानेवारी, सकाळी १०.१०

रानजाई, मुदत जवळ आली म्हणून सरळ सांगतो काय करायचं. एक, आसपासच्या दोन-तीन केंद्रांना आधी फोन करून औषध निर्माण अधिकाऱ्यालाच विचारा, अंतरा किती व्हायल शिल्लक आहेत आणि एक्सपायरी काय. "आहे का" विचारलं की "नाही" येतं, "किती" विचारलं की तो रजिस्टर उघडतो. दोन, दुसऱ्या तालुक्यातलं कार्ड चालतं, कुठल्याही सरकारी केंद्रात डोस देता येतो, कुणी नाही म्हटलं तर कुठल्या आदेशाने ते नम्रपणे लिहून मागा. तीन, आणि हे मुख्य, शेजारच्या बागांवरच्या बायकांची संख्या काढा. नावं नको, फक्त आकडा, कुणाला कधी काय लागणार. ते पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि आवक क्रमांक घालून पोच घ्या. मागणीच्या फॉर्म्युल्यात जे नाही ते या पत्राने आत जातं.

डॉक्टरांनी सांगितलेल्या त्याच पाचव्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ आला, म्हणून वर बसलेल्यांना वाटतं इथलं काम झालं. मिशन परिवार विकास ही केंद्राची कुटुंब नियोजनाची मोहीम २०१६ ला जास्त जन्मदराच्या सात राज्यांत आली, त्यात आपण नव्हतो. सरासरी १.७ मध्ये पुण्या-मुंबईची घरं पण आहेत आणि तुमच्या शेडवरची ती पण आहे.

---

रानजाई | १३ जानेवारी, रात्री ८.५०

झालं! आज भोगी, सकाळी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी शेडवर दिली आणि तिला घेऊन निघाले. काकांनी सांगितल्यासारखं "किती व्हायल आहेत" असं विचारलं, तिसऱ्या केंद्रात उत्तर आलं, सहा. अकरा किलोमीटर. तिथल्या सिस्टर इतक्या चांगल्या की काय सांगू, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून १९ डिसेंबरपासून दिवस मोजले, पंचवीस, म्हणाल्या बसतं मुदतीत. पाळीचं विचारलं, वजन केलं, बीपी बघितलं, इंजेक्शन दिल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही हे तिला दोनदा म्हणायला लावलं. पेन्सिलीचं १९/१२ खोडलं नाही, त्याच्या शेजारी पेनाने १३/१ लिहिलं आणि खाली १३ एप्रिल. ती येताना स्कूटीवर मागे बसून गाणं म्हणत होती, मी आरसा थोडा वळवून बघितलं.

दोन दिवसांत मी आणि शेजारची वहिनी नऊ बागांवर फिरून आलो. एकोणतीस बायका आहेत मुलं होण्याच्या वयाच्या, त्यातल्या सात जणींनी गावाकडे काही ना काही चालू केलेलं, पाच जणींचं इथे आल्यावर तुटलं. दोघींना आम्ही विचारेपर्यंत माहीतच नव्हतं की इथल्या दवाखान्यात जाता येतं, आधारवर पत्ता तिकडचा म्हणून. पत्र दिलं, पोच घेतली, आवक क्रमांकासकट. साहेबांनी वाचून घेतलं आणि विचारलं हे बागवाल्यांनी दर वर्षी दिवाळीच्या आधी कळवलं तर? म्हटलं कळवू, आमच्या गावच्या बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आजच टाकते. टाकलंय. चार जणांनी अंगठा दिला, एकाने विचारलं हे आपलं काम आहे का. त्याला उद्या घरी जाऊन भेटणार आहे.

आता एकच. १३ एप्रिलला ती कुठे असेल ते तिलाच माहीत नाही, काढणी लवकर संपली तर ती मार्चमध्येच गावाला जाईल.

---

आशाताई_पेठ | १३ जानेवारी, रात्री ९.३०

ताई गावाचं नाव इथं लिहू नका, मला वेगळा मेसेज करा. आमच्या बाजूचं असेल तर मीच बघते, सुरगाण्यातलं असेल तर तिथल्या आशाला मी ओळखते, मीटिंगला भेटतो आम्ही. तिला सांगा कार्ड त्या पिशवीतच ठेव. आणि सासूसमोर विषय काढायचा नाही हे मी त्या आशाला आधीच सांगून ठेवते.